दीडपट वेगानं ऐकलेली सुवर्णा

सुवर्णा कोळेकर तिसऱ्या महिन्यातही नापास झाली. नापास करणारी मीच होते. शंभरातले अडुसष्ट. पास व्हायला पंचाहत्तर लागतात. प्रोबेशनचे तिन्ही महिने पंचाहत्तरच्या खाली गेले, की माणसाला शनिवारी एचआरच्या केबिनमध्ये बोलावतात आणि सोमवारी त्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसलेलं असतं. तो मंगळवार होता. तिच्याकडे चार दिवस होते आणि ते तिला माहीत होतं.

मी सोलापुरात एका कॉल सेंटरमध्ये क्वालिटीचं काम बघते. म्हणजे नक्की काय करता, असं नातेवाईक अजून विचारतात. तुम्ही कस्टमर केअरला फोन लावता तेव्हा सुरुवातीला एक बाई सांगते ना, की गुणवत्तेसाठी हा कॉल रेकॉर्ड केला जाऊ शकतो, ती गुणवत्ता म्हणजे मी. रेकॉर्ड झालेले कॉल ऐकायचे, फॉर्म भरायचा, मार्क द्यायचे. आठ वर्षं हेच करते आहे. घरी नवरा म्हणतो, तू दूधवाल्यालाही मनातल्या मनात मार्क देतेस. देते. खोटं कशाला बोलू.

फॉर्म शंभर मार्कांचा असतो. नमस्कार केला का, नाव विचारलं का, माहिती बरोबर दिली का, असे रकाने. त्यातले तीस मार्क टोनचे. टोन म्हणजे शब्द बाजूला काढल्यावर कानावर जे उरतं ते. तोच शब्द मायेनं म्हणता येतो आणि अंगावर फेकताही येतो, तो फरक. फोनवर चेहरा नसतो, हात नसतात, त्यामुळे समोरचा माणूस कसा आहे हे सगळं या एका गोष्टीवरून ठरतं. म्हणून आमच्याकडे प्रत्येक टेबलावर एक छोटा आरसा असतो. हसून बोललं की हसू आवाजात उतरतं, हे ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी शिकवतात. सुवर्णा त्या आरशात टिकली नीट करायची आणि मग तो बाजूला सरकवून ठेवायची.

तिला टोनला तीसपैकी नऊ मिळाले होते. बाकी सगळं उत्तम.

ती सांगोल्याच्या बाजूची. माहेर मेंढपाळाचं, सासरही. नवरा आणि सासू-सासरे अजून वर्षातले सहा-सात महिने मेंढरांबरोबर फिरतात. ही बाई बारावी झालेली, मुलीला घेऊन सोलापुरात एका खोलीत राहते, कारण मुलगी पहिलीत आहे आणि फिरतीवर शाळा होत नाही. आवाज खणखणीत आणि सपाट. वाक्याच्या शेवटी तो वर चढत नाही की खाली उतरत नाही. "सांगा काय झालंय", "थांबा", "बरं", संपलं. ती ज्या प्रोसेसवर होती, म्हणजे ज्या कंपनीचे फोन घ्यायची, ती कंपनी मोबाइल स्टार्टर बनवते. शेतातल्या मोटारीजवळ एक डबा बसवतात, मग घरी बसून फोनवरून मोटार चालू-बंद करता येते. डबा ऐकेनासा झाला की शेतकरी आम्हाला फोन करतो. आधीच वैतागलेला असतो. तिथं गोड बोलणारं माणूस पाहिजे, असं मला वाटायचं.

मंगळवारी दुपारी मी तिला काचेच्या खोलीत फीडबॅकला बोलावलं. फीडबॅक म्हणजे तिचाच कॉल तिला ऐकवायचा, चूक दाखवायची आणि फॉर्मवर सही घ्यायची. कॉल परांड्याकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा होता. मोटार चालू होत नव्हती. सुवर्णानं त्यांना डब्यावरचे दिवे बघायला लावले, एक दिवा बंद निघाला, तिनं कारण सांगितलं आणि फोन ठेवला. कारण बरोबर होतं. पण ऐकताना वाटत होतं की बाई म्हाताऱ्याला दम देते आहे. त्यांनी एक सांगितलं की हिचं "बरं" लगेच येऊन आदळतं. पुढचा प्रश्न. परत "बरं". शेवटी तर ती म्हणते, "आता घरी जावा." मी फॉर्मवर शेरा लिहिला होता: ग्राहकाला हुसकावलं.

कॉल संपला. ती म्हणाली, "ही मी न्हाय."

हे सगळेच म्हणतात. आपला आवाज आपल्याला आतून, हाडांतून ऐकू येतो, म्हणून रेकॉर्ड केलेला परका वाटतो. हे मी शेकडो वेळा सांगितलेलं आहे, तिलाही सांगायला लागले. तिनं मला मधेच थांबवलं.

"आवाज माझाच हाय मॅडम. पर मी अशी बोलले न्हाय. ते आजोबा डब्यापतुर चालत गेलं व्हतं. मी लई वेळ थांबले व्हते. ते कुटं हाय ह्याच्यात?"

मी म्हटलं, शांतता आम्ही ऐकत नाही. सॉफ्टवेअर ती आपोआप गाळतं. आणि दीडपट वेगानं ऐकतो, नाहीतर दिवसाचे कॉल संपणार कसे.

तिनं फॉर्मवरचा माझा शेरा वाचला. मग म्हणाली, "मंग माझं निम्मं काम तुमी ऐकलंच न्हाय की."

मला राग आला. प्रोबेशनवरची मुलगी मला माझं काम शिकवते आहे, असं वाटलं. मी फॉर्म पुढे सरकवला. तिनं सही केली नाही. भांडलीही नाही. मुलीच्या शाळेचं एवढं वर्ष तरी निघायला पाहिजे होतं, एवढंच म्हणाली आणि पुढचे कॉल घ्यायला जागेवर जाऊन बसली.

बुधवारी सकाळी आल्याबरोबर मी तो कॉल परत लावला. तिच्यासाठी नव्हे, खरं सांगायचं तर तिला खोटं पाडायला. वेग साधा ठेवला आणि शांतता गाळायचं बटण बंद केलं.

कॉल ओळखू येईना.

आजोबा सांगतात की मोटार उठत नाही. सुवर्णा थोडं थांबते. त्यांना अजून काही सांगायचं असेल, असं ते थांबणं आहे. ते खरंच अजून सांगतात, काल रात्री वारं होतं, शेजारच्याची मोटार चालू आहे, वगैरे. मग ती म्हणते, "बरं." हे "बरं" आदळत नाही. समोर बसलेल्या माणसानं मान हलवावी, तसं ते येतं. ती त्यांना डब्यापाशी जायला सांगते. आजोबा निघतात. आणि मग जवळजवळ दोन मिनिटं कुणीच बोलत नाही. चपलांचा आवाज येतो, दम लागलेला ऐकू येतो, कुठंतरी कुत्रं भुंकतं. आमच्याकडे अशा वेळी होल्डचं संगीत लावतात, नाहीतर "आपण लाइनवर आहात का" म्हणून दर वीस सेकंदांनी विचारतात. तिनं दोन्ही केलं नाही. आजोबा पोचले, म्हणाले, "हां बाय, आलो." ती म्हणाली, "दम घ्या आदी."

हे "दम घ्या आदी" मी दीडपट वेगानं ऐकलं होतं तेव्हा मला ते हुकूम वाटलं होतं.

पुढे दिव्यांचं. शेतातल्या मोटारीला तीन तारांतून वीज येते, तिला तीन फेज म्हणतात. त्यातली एक जरी गेली आणि मोटार चालली, तर ती जळते. म्हणून डबा मोटार चालूच होऊ देत नाही. आजोबांचा एक दिवा बंद होता, म्हणजे एक फेज नव्हती. सुवर्णानं हे असं सांगितलं: "डबा चांगला हाय. मोटार चांगली हाय. लाइन न्हाय. लाइन आली की आपसूक चालू हुईल." जरा थांबून, "उन्हात उबं राहू नगा. आता घरी जावा." यावर आजोबा हसतात. ते हसणं मी आधी ऐकलंच नव्हतं. ते त्या शांततेतच होतं बहुतेक, हळू, फोन कानापासून लांब असताना हसलेलं. सॉफ्टवेअरनं ते आवाज म्हणून मोजलं नाही.

मी हेडफोन काढून ठेवला. एवढ्या वर्षांत मला हे कसं कळलं नाही, याचंच कुतूहल वाटायला लागलं. त्याचं उत्तर यंत्रात होतं. पूर्वी कॅसेट जोरात फिरवली की आवाज चिमणीसारखा बारीक व्हायचा, त्यामुळे वेग वाढवलाय हे विसरणं शक्य नव्हतं. आताचं सॉफ्टवेअर हुशार आहे. वेग वाढवला तरी आवाजाची पट्टी तीच ठेवतं. बाई बाईसारखी ऐकू येते, बुवा बुवासारखा. आठवड्याभरात कान सरावतो आणि मग वाटायला लागतं की माणसं अशीच बोलतात.

तरी मला शंका होती. काल ती डोळ्यांत पाणी न आणता बोलली, त्याचा परिणाम होऊन मी आज दयेपोटी ऐकते आहे का? टोनचं हेच वाईट आहे. एकदा माणसाबद्दल मत झालं की कान त्या मताच्या मागे धावतो. म्हणून मी दुसऱ्या कानाच्या शोधात निघाले.

आमच्या गेटवर बिराजदार मामा असतात. होटगीचे, वय साठीच्या पुढे, सिक्युरिटीचा निळा शर्ट आणि खिशात कायम अडकित्ता. क्वालिटीशी त्यांचा काही संबंध नाही, म्हणूनच मला ते हवे होते. ग्राहकाचं नाव-गाव येणार नाही असे तुकडे मी कापून घेतले आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांना वर बोलावलं. म्हटलं, मामा, हे ऐका आणि हे माणूस कसं असेल ते सांगा. बाकी काही सांगितलं नाही.

आधी सुवर्णाचा दीडपट वेगाचा तुकडा लावला. मामा म्हणाले, "ही कुणाची तरी थोरली जाऊ हाय. लई तोऱ्यात हाय. हिच्यासंगं आपलं जमायचं न्हाय."

मग मधे दोन दुसरे आवाज लावले आणि नंतर तोच तुकडा साध्या वेगानं. मामांनी डोळे मिटून ऐकलं. "ही दवाखान्यातली नर्स असंल. म्हाताऱ्या माणसाला वेळ देती की. चांगली हाय बाई."

मी सांगितलं, दोन्ही एकच आहेत, आणि ती आपली सुवर्णा आहे. त्यांचा विश्वास बसेना. ती रोज गेटवर त्यांना जेवला का म्हणून विचारते म्हणे. ओळखीचा आवाज, रोजचा, आणि दोन्ही वेळा त्यांना ओळखता आला नाही. आधी थोरली जाऊ, मग नर्स.

मला चेव चढला. मी किरणचा कॉल काढला. किरण आमचा सगळ्यात गोड मुलगा. टोनला सत्तावीसच्या खाली कधी आला नाही. नवीन बॅचला त्याचेच कॉल नमुना म्हणून ऐकवायचो, तेही दीडपट वेगानंच. साध्या वेगानं तो पहिल्यांदाच ऐकत होते. अगदी बरोबर काका, मी समजू शकतो काका, आपण काळजी करू नका काका. दीडपट वेगात हे चटपटीत आणि उत्साही वाटतं. साध्या वेगात मात्र त्याचं बोलणं संपतच नव्हतं. काका तोंड उघडायचे आणि याचं पुढचं वाक्य सुरू व्हायचं. गाळायला त्याच्या कॉलमध्ये शांतताच नव्हती. बिराजदार मामा म्हणाले, "ह्यो पॉलिसी विकायलाय व्हय?"

किरण वाईट मुलगा नाही. आम्हीच त्याला तसं शिकवलेलं आहे.

मामा खाली गेल्यावर मी सुवर्णाचे अजून आठ कॉल काढले आणि नीट बसून, एकेका कॉलला जेवढा वेळ लागेल तेवढा देऊन, मार्क दिले. इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. साध्या वेगातही माझ्या कानाला ती रुक्षच वाटत होती. आधीइतकी नाही, पण वाटत होती. याचं खापर सॉफ्टवेअरवर फोडता येत नाही. माझं माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं, तेलुगू विणकरांचं. घरात खाली चार माग होते. माग चालू असताना आई स्वयंपाकघरातून हाक मारायची ती अख्ख्या बोळाला ऐकू जायची. आम्ही सगळी भावंडं तशीच बोलायचो, मोठ्यानं आणि तोडून. कॉलेजात मैत्रिणी विचारायच्या, तू सारखी भांडत का असतेस? मी भांडत नव्हते. मागावर बोलत होते. मग दोन वर्षं आरशासमोर बसून मी माझा आवाज खाली आणला, मऊ केला, आणि त्याच आवाजावर नोकरी मिळवली. ज्यांनी ते केलं नाही त्यांचे मार्क कापायचा मला जणू हक्कच मिळाला होता. हे बुधवारी संध्याकाळी त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा लक्षात आलं आणि मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

नवे मार्क टोनला एकोणीस आले. एकूण अठ्ठ्याहत्तर. पास.

गुरुवारी मी इनामदार सरांकडे गेले. ते आमचे ऑपरेशन्स मॅनेजर. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पुण्याहून आलेले, माणूस सरळ. मी त्यांना दोन्ही वेग ऐकवले. त्यांनी दोनदा ऐकलं.

"म्हणजे सगळ्यांचेच टोनचे मार्क चुकलेत?"

"चुकले असू शकतात. जे थांबतात त्यांचे जास्त."

"मॅडम, साध्या वेगानं ऐकायचं तर टीम दुप्पट लागेल. ती मिळणार नाही."

"मग निम्मे कॉल ऐकू."

"क्लायंटला आकडा लागतो. महिन्याला इतके कॉल तपासले म्हणून."

मी त्यांच्यासमोर दुसरा कागद ठेवला. रिपीट कॉलची यादी. एकाच नंबरवरून त्याच तक्रारीसाठी तीन दिवसांत परत फोन आला, तर त्याला रिपीट म्हणतात, आणि त्यावरून क्लायंट आम्हाला दर महिन्याला झापतो. टीममध्ये सगळ्यात कमी रिपीट सुवर्णाचे होते. तिच्याशी बोललेला शेतकरी परत फोन करत नव्हता. हा कागद तिन्ही महिने माझ्या मेलमध्ये येत होता. पण रिपीट बघणं ऑपरेशन्सचं काम आणि टोन बघणं क्वालिटीचं, म्हणून दोन्ही शेजारी ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

सरांनी यादीवर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग विचारलं, "ही दीडपट वेगाची पद्धत आली कुठून? वरून?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. रात्रभर मी त्याचं गुळमुळीत उत्तर जुळवून बघितलं होतं. "नाही सर. मीच काढली. पाच वर्षांपूर्वी. काम साठत होतं. शांतता गाळायचं बटणही मीच चालू करून घेतलं होतं."

शनिवारच्या यादीतून सुवर्णाचं नाव काढायला त्यांनी एचआरला माझ्यासमोर मेल केला. टोनचे मार्क यापुढे साध्या वेगानं, शांततेसकट ऐकूनच द्यायचे, बाकीचे रकाने हवं तर पळवत ऐका, असं ठरलं. क्लायंटला आकड्याचं ते समजावतील म्हणाले. मी उठले, दारापर्यंत गेले, तेव्हा त्यांनी मागून विचारलं.

"आणि मॅडम, ह्या पाच वर्षांत टोनवरून आपण ज्यांना काढलं, त्यांचं?"

बघते, मी म्हणाले.

शुक्रवारी सुवर्णाला बोलावून सांगितलं. तिनं आधी एकूण मार्क विचारले, मग टोनचे. एकोणीस म्हटल्यावर तिनं बोटांवर हिशेब केला.

"मंग आकरा कुटं गेलं?"

मी म्हटलं, नमस्कार कोरडा म्हणतेस, स्वतःचं नाव हजेरी दिल्यासारखं सांगतेस, आवाजात जराही चढउतार नाही. तिला ते पटलं. नमस्कार नीट म्हणते म्हणाली उद्यापासून, पण चढउताराचं बघावं लागेल. मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं. दोन-दोन मिनिटं गप्प राहायला तुला कुणी शिकवलं? आमच्याकडे दहा सेकंद शांत गेले तर मुलांना घाम फुटतो.

तिला हा प्रश्नच चमत्कारिक वाटला. तिनं सांगितलं की माळावर माणूस लांब असतो, या टेकाडावर एक नि त्या टेकाडावर एक. "एकच हाक मारायची आन् गप बसायचं. हाक पोचाया येळ लागतो, माणूस वळाया येळ लागतो. लगीच दुसरी मारली की पयलीचंबी कळत न्हाय त्याला. माझा आबा म्हनायचा, हाक मारलीया, आता तिला जाऊ दे." आणि हाक एका सुरात मारायची, शेवटाला वर ओढली तर लांबच्याला वाटतं काहीतरी विपरीत झालं, लांडगा आला. मेंढरंही बिथरतात. म्हणून शेवट सपाट.

मी ते लिहून घेतलं. आठ वर्षांत टोनबद्दल मला कुणी सांगितलेली ही सगळ्यात कामाची गोष्ट होती. तिनं मग फॉर्मवर सही केली, नवीन मार्कांच्या, आणि विचारलं की सोमवारी शाळेत पालकांची मीटिंग आहे, अर्धा दिवस मिळेल का.

सुवर्णा आता कायम झाली आहे. टोनला अजून एकवीस-बावीसच्या वर जात नाही. किरणचे तेवीसवर आले, आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हता, आता सुवर्णाच्या शेजारी बसून तिचे कॉल ऐकतो. आम्ही महिन्याला निम्मे कॉल तपासतो आणि क्लायंटनं त्यावर अजून तरी काही म्हटलेलं नाही. यातून घ्यायचा धडा साधाच आहे. माणसाचा स्वर कसा आहे हे सांगण्याआधी आपण तो कसा ऐकला हे सांगावं.

इनामदार सरांच्या प्रश्नाचं मात्र राहिलं होतं. पाच वर्षांत टोनवरून गेलेली अकरा नावं निघाली, शेवटचंही दीड वर्षापूर्वीचं. त्यांचे कॉल परत ऐकावेत म्हणून मी सिस्टीममध्ये शोधले. रेकॉर्डिंग आमच्याकडे वर्षभर ठेवतात, मग पुसलं जातं. एकाचाही आवाज शिल्लक नव्हता. फॉर्म मात्र सगळे होते, कारण फॉर्म पुसत नाहीत. तुटक बोलते. ग्राहकाला घाईत उडवतो. स्वरात आपुलकी नाही. सगळे शेरे माझे.

त्यातला एक मल्लिनाथ. अक्कलकोटच्या पुढच्या गावचा, घरात कानडी. त्याचं मराठी कानडी ठेक्यात यायचं, शब्द सुटे सुटे. मी त्याला तीन महिन्यांत बाहेर काढला होता. एचआरकडे त्याचा जुना नंबर मिळाला. एका दुपारी लावला.

"बोला मॅडम," तो म्हणाला. चार वर्षांनी, एका नमस्कारावर त्यानं माझा आवाज ओळखला.

त्याचं आता गावात मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींची तार परत गुंडाळून द्यायचं दुकान आहे. मी बरं-वाईट विचारलं. मग जे सांगायचं होतं ते सांगितलं, की तेव्हा तुझे कॉल मी नीट ऐकले नव्हते, पळवत ऐकले होते, तुझे मार्क कदाचित चुकले. नक्की सांगता येत नाही, कारण रेकॉर्डिंग आता नाही. पण चुकले असावेत, आणि त्याची चूक माझी.

पलीकडून काहीच आलं नाही. दुकानात कुणीतरी ठोकत होतं, ते थांबलं. मला मधे बोलायची फार इच्छा झाली, पण गप्प बसले.

"तवाच ऐकायला पाहिजे होतं की मॅडम," तो म्हणाला. आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून त्यानं फोन ठेवला.

तो रागानं म्हणाला, की दुखावून, की आता काय त्याचं म्हणून नुसतंच, हे मला कळलं नाही. तो कॉल रेकॉर्ड झालेला नव्हता. मनातल्या मनात मी तो खूप वेळा परत ऐकला आहे आणि दर वेळी मला त्यात वेगळा स्वर ऐकू येतो.